पद्मावतीचं नाव घ्या

आदिलाबादहून वीसेक किलोमीटरवर जैनथ. एका दिवसात आरामात जाऊन येता येतं. कोरीव दगडी मंदिर, गाभाऱ्यात लक्ष्मीनारायण. ठरावीक दिवसांत सूर्यकिरणं मूर्तीच्या पायांवर पडतात. फोटो सगळेच काढतात. माझं म्हणणं, तिथल्या शिलालेखापाशीही थांबा.

लेख संस्कृतात, नागरी लिपीत आहे. माळव्याच्या परमार घराण्यातल्या जगद्देवाचा सरदार लोलार्क. त्याची बायको पद्मावती. तिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं, मंदिर बांधलं, असं त्यात नोंदवलंय. जगद्देवाचाच १११२ सालचा लेख यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आहे. तेव्हा पैनगंगेच्या दोन्ही काठांचा इतिहास एकच, ‘आपलं-त्यांचं’ नंतरचं.

जुनं देऊळ दिसलं की ‘कुठल्यातरी राजाने बांधलं’ म्हणून आपण मोकळे होतो. इथे एका बाईचं नाव नऊशे वर्षं दगडात टिकलंय आणि आपण सेल्फी काढून पुढे निघतो, हे बरं नाही. त्या देवाला हात जोडायचे की नाही, ते ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर. पण ज्याचं काम, त्याचं नाव घेणं कुठल्याच धर्मात वर्ज्य नाही.

मंडळाची पुढची सहल तिकडे गेली, तर डबे उघडण्याआधी कुणीतरी त्या लेखाची माहिती मोठ्याने वाचावी. पाच मिनिटं पुरतील.