टाके कोणी घालावेत?

'सेवा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की ती करणाऱ्याला काही यावेही लागते याचा आपल्याला विसर पडतो. मला त्याची आठवण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत झाली, आणि ती एका लहान मुलाच्या गुडघ्यावरच्या चार टाक्यांनी करून दिली.

माझ्या मामांच्या गावी मिशनचा एक जुना दवाखाना आहे. तेथे अमेरिकेतून एक विद्यार्थिनी सहा आठवड्यांसाठी आली होती. तिला मराठी येत नव्हते आणि इंग्रजी घेऊन बी. ए. करणारा भाचा मामांकडे रिकामाच बसला होता. सबब दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली. ती डॉक्टर व्हायची होती, झालेली नव्हती. आपल्याकडे बारावीनंतर 'नीट' देऊन विद्यार्थी थेट वैद्यकीय महाविद्यालयात जातो. तिकडे मात्र आधी चार वर्षांची पदवी, मग प्रवेशपरीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा क्रम असतो. पहिल्या टप्प्यावरील या मुलांना 'प्री-मेड' म्हणतात. प्रवेशाची चुरस मोठी, आणि अर्जात रुग्णांच्या सहवासाचा अनुभव असला तर तो उपयोगी पडतो. म्हणून कितीतरी मुले आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत किंवा आपल्याकडे अशा दवाखान्यांतून येतात. थोडक्यात, जखम शिवण्याच्या बाबतीत तिचा अधिकार माझ्याइतकाच होता!

मुलगी मनाने चांगली होती, हे आधीच सांगितले पाहिजे. सकाळच्या प्रार्थनेनंतर ती सर्वांच्या आधी ओसरीवर हजर असे. एके दिवशी एक बाई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पत्र्याने त्याचा गुडघा कापला होता. तेथल्या डॉक्टरांनी पाहुणीला मोठ्या कौतुकाने विचारले, "घालतेस का टाके?" तिचे डोळे चमकले. मुलाची आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, या बाईला येतं का हे?"

वाचकहो, दुभाष्याचे काम ऐकलेले सांगणे एवढेच असते. मी ते केले नाही. पाहुणीचा हिरमोड होईल, डॉक्टरांना राग येईल, मामांची ओळख आहे, असे सगळे एका क्षणात मनात आले, आणि मी इंग्रजीत सांगून टाकले, "आईची काही हरकत नाही." आईला म्हटले, "काळजी करू नका."

टाके वाकडे पडले. मुलगा किंचाळत होता. अखेर शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरबाईंनी न बोलता ते काढले आणि पुन्हा घातले. त्या दवाखान्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. पण त्या दिवशी त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मुलाला एकाच जखमेसाठी दोनदा टोचून घ्यावे लागले. मोठे काही बिघडले नाही, जखम भरलीही; परंतु त्या दुसऱ्या टोचण्याचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा, हा प्रश्न मला सोडीना.

आपल्याकडे मिशनचा दवाखाना म्हटले की चर्चा लगेच धर्माकडे वळते. तो वाद येथे गैरलागू आहे. मिरजेला १८९४ साली रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेसही मिशनरीच होते. पण ते वैद्यक शिकून आले होते. वेल्लोरच्या आयडा स्कडर यांची हकीकत तर प्रत्येक उत्साही तरुणाने वाचावी अशी आहे. त्या मिशनरी डॉक्टरांच्या घरातल्या. आजारी आईला मदत करायला अमेरिकेतून आल्या होत्या. एका रात्री तीन घरांतून अडलेल्या बाळंतिणींसाठी बोलावणे आले. पुरुष डॉक्टर त्या घरांना चालत नव्हता आणि आयडा यांना वैद्यक येत नव्हते. त्या गेल्या नाहीत. तिन्ही बाया दगावल्या. त्यावर त्यांनी काय केले? त्या परत गेल्या, १८९९ साली वैद्यकीय पदवी मिळविली, १९०० साली येऊन काम सुरू केले आणि १९१८ साली येथल्या मुलींसाठी वैद्यकीय विद्यालय काढले. 'मला येत नाही' हे कबूल करण्यातून एवढे मोठे काम उभे राहिले.

कोणी म्हणेल, खेड्यात डॉक्टर मिळत नाही, तेथे पदवीचा आग्रह कशाला? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. याच वेल्लोरला शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांजवळ कुठे पदवी होती? नव्हती. पण त्यांना शिकवले गेले होते, आपली मर्यादा कुठे संपते हे त्यांना ठाऊक होते, आणि मुख्य म्हणजे त्या त्याच गावात राहणार होत्या. चूक झाली तर उद्या पाणवठ्यावर जाब द्यावा लागणार होता. आमची पाहुणी सहा आठवड्यांनी विमानात बसणार होती. माझ्या मते फरक पदवीचा नाही. तो शिक्षणाचा आणि उत्तरदायित्वाचा आहे.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेही २०११ साली परदेशी जाणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा मथितार्थ साधा आहे: आपल्या शिक्षणाबाहेरचे काम रुग्णावर करू नये, मग देश कोणताही असो. जे आपल्या गावच्या मुलावर करू देणार नाहीत, ते दुसऱ्याच्या मुलावर का करावे?

तेव्हा या मुलांनी येऊच नये काय? अवश्य यावे. त्या संध्याकाळी मी पाहुणीला आईचे खरे शब्द सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तू तेव्हाच सांगायला हवे होतेस." दुसऱ्या दिवसापासून ती केसपेपरच्या टेबलापाशी बसली. नावे लिहिली, म्हाताऱ्यांना हात धरून आत नेले, सिस्टरबाई जखम कशी धुतात ते तासन् तास पाहिले. जाताना तिला 'कुठं दुखतंय, आजी?' एवढे मराठी येत होते. डॉक्टर होणाऱ्या माणसाला याहून चांगला आरंभ कोणता?

पण तिच्याकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण तरी काय करतो? आयुष्यात कुदळ न धरलेली आपण मुले गावकऱ्यांना श्रमाचे महत्त्व सांगतो, व्यसनमुक्तीवर भाषणे ठोकतो, छायाचित्रे काढतो आणि गुण पदरात पाडून परततो. 'तुम्हाला नेमके काय हवे आहे?' हा प्रश्न पहिल्या दिवशी कितीजण विचारतात? गुरुजनांना माझी नम्र सूचना आहे, की यंदाच्या शिबिराचे पहिले दोन दिवस केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावेत.

एवढे करूनही 'दादा, या बाईला येतं का हे?' असा प्रश्न आपल्याबद्दल कोणी विचारला, तर मधल्या माणसाने तो जसाच्या तसा पोहोचवावा. मी तो पोहोचवला नाही. म्हणून हा लेख.