व्हेंटिलेटर सुटल्यानंतरचा श्वास

दरवर्षी ३ फेब्रुवारी रोजी संत ब्लेज ह्यांच्या सणानिमित्त धर्मगुरू दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून भाविकांना आशीर्वाद देतात. कंठरोगापासून रक्षण मागणारी ही प्रार्थना आज अधिक अर्थपूर्ण झाली आहे, असे आम्हांस वाटते.

२०२० व २०२१ मधील कोविडच्या लाटांत सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. साथ ओसरली, पण कीटकनाशकाची विषबाधा, मण्यारीचा दंश व महामार्गावरील अपघात थांबलेले नाहीत. अशा रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तीच जीव वाचविते. परंतु काहींच्या बाबतीत पुढे तीच दुखण्याचे कारण ठरते.

हवा बाजूने निसटू नये म्हणून नळीच्या टोकाशी छोटा फुगा असतो. त्याचा दाब पाण्याच्या सुमारे ३० सेंटिमीटरपेक्षा वाढला, की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो व जखम होते. ती भरताना व्रण आकसतो आणि मार्ग अरुंद होतो. कमी दाबाचे फुगे १९७० च्या दशकात आले, तेव्हापासून ही इजा घटली. ती संपली मात्र नाही. दाब बोटांनी चाचपून कळत नाही. तो मापकानेच मोजावा लागतो.

लक्षणे बहुधा घरी परतल्यावर काही आठवड्यांनी दिसू लागतात. चालताना धाप लागते, श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येतो. पुष्कळदा ह्यास दमा समजले जाते व मौल्यवान काळ वाया जातो. म्हणून नळी घातल्याचा इतिहास डॉक्टरांस आवर्जून सांगावा. दुर्बिणीने तपासणी व सीटी स्कॅन केल्यास निदान होते. अरुंद भाग फुगवून रुंद करणे, लेझरने व्रण कापणे, सिलिकॉनची टी-आकाराची नळी बसविणे, किंवा आकसलेला भाग काढून दोन्ही टोके जोडणे, असे उपचार आहेत. निवड व्रणाच्या लांबीवर व रुग्णाच्या प्रकृतीवर अवलंबून असते.

मिरजेत डॉ. वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय स्थापिले. आज मिरज व कराड येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील कान-नाक-घसा विभागात प्रथम तपासून घ्यावे. शासकीय योजनेतील साहाय्याबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

रुग्ण घरी आला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. आजाऱ्यांस भेट देणाऱ्या धर्मग्रामस्थांनी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्या घरी जावे आणि एवढेच विचारावे: जिना चढताना दम लागतो का? त्या एका प्रश्नाने एखाद्याचा श्वास वाचू शकेल.