कुलूप नसलेली बँक, पासवर्ड नसलेला डेटाबेस

युको बँकेने जानेवारी 2011 मध्ये शनिशिंगणापुरात शाखा उघडली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' म्हणून देशभर तिच्या बातम्या आल्या. या गावात घरांना दारं नसतात, चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही ही श्रद्धा. बँकेने तिचा मान राखला आणि काचेचं प्रवेशद्वार बसवलं. पण त्या काचेला सहज नजरेस न पडणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूपही होतं. बँकेचा हा निर्णय मला पूर्ण पटतो, कारण आतला पैसा लोकांचा होता.

पुण्यात, संभाजीनगरात, नगरमध्ये डॉक्युमेंट डेटाबेस शिकणाऱ्या पोरांशी बोलताना मला ही शाखा आठवते. त्यांच्या बैठकांत चर्चा असते ती वेगाची आणि डेटाची रचना, म्हणजे स्कीमा, आधी न ठरवता काम सुरू करता येतं याची. ते खरंच आहे. शिंगणापूरजवळच्या घोडेगावच्या कांदा मार्केटातली विक्रीच्या हिशोबाची एक पट्टी घ्या. एका शेतकऱ्याची तीन वक्कलं, तिन्हींचा भाव वेगळा. दुसऱ्याचं एकच. कुणाची हमाली-तोलाई तेवढी कापलेली, कुणाचं गाडीभाडं आणि आधी घेतलेली उचलही वजा. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत ही पट्टी चार-पाच तक्त्यांत फोडायची आणि दाखवताना पुन्हा जुळवायची. मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसात अख्खी पट्टी म्हणजे एक डॉक्युमेंट. उद्या एखादी नवी वजावट आली, तरी जुन्या पट्ट्यांना हात लावायची गरज नाही. तालुक्याच्या गावात एकट्याने आडत्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. सगळा व्यवहार त्यात बसेल असं नाही. उधारी-वसुलीच्या खतावणीला मी आजही रिलेशनलच घेईन.

काळजी वेगळीच आहे. मोंगोडीबी 2009 मध्ये आलं. पुढची कित्येक वर्षं ते उतरवून थेट चालू केलं, की मशीनच्या प्रत्येक नेटवर्कवर 27017 या पोर्टला उत्तर देत बसायचं, आणि पासवर्ड विचारायचं नाही. 2017 च्या अखेरीस आलेल्या 3.6 आवृत्तीपासून ते आपणहून फक्त त्याच मशीनपुरतं ऐकतं. पासवर्डची तपासणी मात्र स्वतःच्या सर्व्हरवर आजही आपणच चालू करावी लागते. काउचडीबी या दुसऱ्या डॉक्युमेंट डेटाबेसात तर तो नव्याने बसवल्यावर येणारा प्रत्येकजण अ‍ॅडमिन असे. ती सोय 2020 च्या 3.0 आवृत्तीत बंद झाली.

याची किंमत जगाने जानेवारी 2017 मध्ये मोजली. उघडे मोंगोडीबी शोधून चोरांनी आतला डेटा पुसला आणि जागेवर चिठ्ठी ठेवली: 0.2 बिटकॉइन पाठवा. पहिल्या दहा दिवसांतच असे डेटाबेस 27 हजारांवर गेले. कित्येकांच्या डेटाची प्रत चोरांनी काढलेलीच नव्हती, त्यामुळे पैसे भरूनही हाती काही आलं नाही.

गावात दार नसलं, तरी राखण असते. आलेला माणूस कुणाचा कोण, हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. तरी भाविकांची वर्दळ वाढली तशी 2010 मध्ये गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली, 2015 मध्ये पोलीस ठाणं आलं आणि 2025 मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप चालवून पूजेचे पैसे घेतल्याचा गुन्हा दाखल झाला. इंटरनेटवर पोर्ट चाचपत फिरणाऱ्या प्रोग्रामला तर ना शनीचा धाक, ना गावकीचा.

आडत्याच्या त्या पट्टीत शेतकऱ्याचा मोबाइल असतो, बँक खातं असतं, कुणाची किती उचल आहे तेही असतं. डेटा सांभाळण्यात हयगय केली, तर 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड दूरची गोष्ट. आपल्या भरवशावर माणसाने खात्याचा नंबर दिला, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

म्हणून अशा बैठका भरवणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. क्वेरी, इंडेक्स नंतर दाखवा. पहिली वीस मिनिटं युजर तयार करून पासवर्ड चालू करण्यात घालवा, 27017 बाहेरून बंद आहे हे दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून तपासा, आणि बॅकअप सगळ्यांसमोर रिकाम्या मशीनवर परत चढवा. पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकलमध्येही याला गुण ठेवा, म्हणजे गावोगावी सॉफ्टवेअर बसवायला निघालेला मुलगा हे करूनच बाहेर पडेल.