विद्यापीठ पठारावर, बिऱ्हाड कोठे?

पदवी परीक्षांचे निकाल हाती पडले, की गोव्यातील घरोघर पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. विषय कोणता घ्यावा, प्रवेश मिळेल काय, मिळाल्यास पुढे नोकरीचे काय, यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. थोरामोठ्यांचा सल्ला घेतला जातो, क्वचित कौलही लावला जातो. राहावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र शुल्क भरून झाल्यावर, बहुधा वर्ग सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, कोणा ओळखीच्याच्या सांगण्यावरून दोन तासांत निकालात काढण्यात येतो. आमच्या मते ही मोठी चूक आहे. काणकोण, सांगे, सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण जेवढे त्याच्या विषयावर अवलंबून असते, तेवढेच ते त्याच्या खोलीवर आणि खोलीपासून वर्गापर्यंतच्या वाटेवर अवलंबून असते. वाट सोडून नुसत्या खोलीचा विचार करणे म्हणजे निम्माच हिशेब मांडणे होय.

गोमंतकीय विद्यार्थ्याला बिऱ्हाड शोधण्याचा अनुभव नवा नाही. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून पुण्यास गेले, आणि पुढे काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. त्यांच्या मागून मुक्तीपर्यंतच्या साठ वर्षांत किती मुले बेळगाव, धारवाड, पुणे आणि मुंबईच्या वाटेने गेली, त्याची गणती नाही. कोणी गिरगावच्या चाळीत मामाच्या दोन खोल्यांत दहावा माणूस म्हणून राहिला, कोणी वार लावून जेवला, कोणी दुकानाच्या पोटमाळ्यावर पथारी टाकली. आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांना ती चाळ, सार्वजनिक नळावरची ती पहाटेची रांग आणि गावाहून आलेली सोलांची पुडी अजून आठवत असेल. त्या पिढीने हाल सोसले हे खरे. तथापि एका गोष्टीत ती सुदैवी होती. मुंबईत राहणाऱ्याला रात्री साडेदहालाही लोकल मिळत असे. ग्रंथालय बंद झाल्यावर घरी कसे पोहोचावे, ही चिंता तिला नव्हती.

१९६२ साली गोव्यात पदवी महाविद्यालये निघाली. ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याच विद्यापीठाचे एक केंद्र पणजीत होते. १९८४च्या कायद्यान्वये गोवा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि १ जून १९८५ रोजी त्याचे कामकाज सुरू झाले. त्याला जागा मिळाली ती ताळगावच्या पठारावर. जागा रम्य आहे याविषयी वाद नाही. समोर झुआरीचे विस्तीर्ण पात्र, वर मोकळे आकाश, आणि पावसाळ्यात छत्री उलटी करून टाकणारा वारा! पण विद्यापीठ पठारावर आहे आणि राजधानी खाली आहे. पणजीच्या बसस्थानकावर उतरलेला विद्यार्थी विद्यापीठात पोहोचलेला नसतो, त्याला आणखी एक बस धरावी लागते. आपल्या राज्यात विद्यापीठ आले म्हणजे ते आपल्या दाराशी आले, असे आपण गृहीत धरले. चावडीच्या किंवा वाळपईच्या मुलाला तसे वाटत नाही.

चावडीचाच हिशेब पाहू. तेथून ताळगावचे पठार सुमारे ७० किलोमीटर. सकाळी मडगावची बस, मडगावला पणजीच्या शटलची रांग, पणजीला पुन्हा तिसरी बस. सर्व काही वेळेवर मिळाले तरी एका वेळेचे अडीच तास सहज मोडतात. जाऊन-येऊन पाच, आठवड्याच्या पाच दिवसांचे पंचवीस. पदव्युत्तर वर्गाच्या आठवड्यातील व्याख्यानांच्या तासांहून बहुधा हा आकडा मोठा भरेल! घरून ये-जा करणे स्वस्त, असे जे म्हणतात त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. पासाचे पैसे वाचले असतील, वर्ष गेले त्याचे काय?

या संदर्भात एका जुन्या गोष्टीची आठवण करून देणे उचित होईल. १९७८च्या अखेरीस आणि १९७९च्या आरंभी गोव्यातील विद्यार्थी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी रस्त्यावर उतरले होते. ते आंदोलन चिघळले, लाठ्या चालल्या, शाळा-महाविद्यालये ओस पडली, आणि अखेरीस सवलत पदरात पडली. १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. आज पास काढणाऱ्या मुलांना ही सवलत आपोआप मिळाल्यासारखी वाटते. त्या पिढीने तिकिटाचा प्रश्न सोडवला. बस किती वाजता येते आणि शेवटची किती वाजता जाते, हा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहिला आणि आजही तो शिल्लक आहे. निम्म्या भाड्याची बस जर संध्याकाळी येतच नसेल, तर ती सवलत कोणाच्या उपयोगाची?

म्हणून खोली. आता ती कोठे घ्यावी? विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल, तर दुसरा विचार करू नये. तेथील जेवणाविषयी तक्रारी ऐकू येतील. कोणत्या वसतिगृहाच्या जेवणाविषयी त्या नसतात? पण ग्रंथालयातून पायी खोलीवर जाता येणे ही चैन पैशांनी विकत मिळत नाही. अडचण इतकीच, की वसतिगृहातील खाटा मोजक्या आणि मागणारे अनेक.

ज्यांना ती मिळत नाही, त्यांची पावले खाली ताळगावात, सांतिनेजला, करंझाळ्याला, नाही तर सांताक्रूझ, मेरशी, रायबंदर अशी वळतात. भाडे पाहून पर्वरीलाही काहीजण जातात. नकाशावर ही सर्व ठिकाणे पणजीच्या अंगणात आहेत असे दिसते. नकाशात बस दिसत नाही. मेरशीची खोली स्वस्त पडली तरी तेथून पठारावर जाण्यासाठी एकदा पणजीला जाऊन बस बदलावी लागते. पर्वरीला राहणारा नदीपलीकडे राहतो, आणि नदीपलीकडे राहणे म्हणजे काय, हे बार्देशकरांना सांगावयास नको. विद्यापीठ जेमतेम एक वर्षाचे असताना, ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला आणि बार्देशातील विद्यार्थी फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. आज मांडवीवर पूल पुरेसे आहेत, २०२२च्या अखेरीस झुआरीवरही नवा पूल खुला झाला आणि कुठ्ठाळीची ती कुप्रसिद्ध रांग आटली. तरी सकाळी साडेआठला पुलावर वाहने तुंबली, की पहिला तास बुडाला म्हणून समजावे. उलट, दक्षिणेकडून येणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. आगशीमार्गे येणाऱ्या, थांबे घेत जाणाऱ्या बसने बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयापाशी उतरले, तर विद्यापीठ पणजीपेक्षा जवळ पडते. त्या बाजूला खोली मिळत असेल तर दर शनिवारी घरी जाणे आणि सोमवारी वर्गात पोहोचणे, दोन्ही सोपे होते.

दूरची खोली घेतलेल्यांपैकी बरेचजण मग तोडगा काढतात तो स्कूटरचा. बाप कर्ज काढतो, मुलगा गाडी काढतो. महिन्याच्या भाड्यात जे वाचले ते हप्ता, पेट्रोल आणि दुरुस्तीत जाते, हे एकवेळ सोडून देऊ. गोव्याच्या रस्त्यांवर अपघातांत दगावणाऱ्यांमध्ये सर्वाधिक भरणा दुचाकीस्वारांचा आहे, आणि त्यांत तरुण किती असतात, हे आमच्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर वाचकांना वारंवार वाचावे लागते. पावसाळ्यात, रात्री, महामार्गावरून रोज ये-जा करण्याची किंमत ज्या खोलीला द्यावी लागते, ती खोली स्वस्त नव्हे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मुलाला खोली मिळाली नाही, तर तो मित्राकडे चार दिवस काढतो. मुलीला खोली मिळाली नाही, तर तिचे शिक्षण थांबते, आणि ते थांबले असे कोणी उघडपणे म्हणतही नाही. 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू,' असे म्हटले जाते. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. धर्मभगिनींनी चालवलेल्या वसतिगृहांनी आजवर कित्येक हिंदू घरांतील मुलींना आसरा दिला, याबद्दल या समाजाने कृतज्ञ असले पाहिजे. पण त्या जागा थोड्या आहेत, आणि सारा भार त्यांच्यावर टाकून आपण स्वस्थ बसणे शोभादायक नाही.

खोल्या नाहीत असे म्हणावे, तर तेही खरे नाही. खोल्या आहेत, पण त्या पर्यटकांसाठी आहेत. जी खोली पर्यटकाला दिवसाच्या भावाने देता येते, ती विद्यार्थ्याला महिन्याच्या भावाने का द्यावी, असा मालकाचा सरळ हिशेब आहे, आणि त्याला दोष देणे कठीण. मात्र जूनमध्ये ओस पडलेली खोली विद्यार्थ्याला द्यावयाची आणि नाताळ जवळ येताच काही निमित्त काढून त्याला बाहेर काढावयाचे, हा प्रकार निंद्य आहे. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाने वळकटी घेऊन दारोदार फिरावे, हे आतिथ्यशील म्हणवणाऱ्या गोव्याला लांच्छनास्पद होय.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे असे, की खोली रविवारी दुपारी पाहू नये. कामाच्या दिवशी, तिन्हीसांजेनंतर पाहावी. विद्यापीठातून बसने निघून, उतरून, चालत तेथपर्यंत जाऊन पाहावे, म्हणजे वाटेवर दिवे आहेत की नाहीत आणि कुत्री किती आहेत, तेही कळते. भाडे अकरा महिन्यांचे ठरले असल्यास तसा कागद करावा. अनामत किती आणि ती केव्हा परत मिळणार, हे त्या कागदावर लिहून घ्यावे. विजेचे बिल मीटरप्रमाणे की मालकाच्या मर्जीप्रमाणे, ते विचारावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते टाळण्यास सांगणारा मालक उद्या अनामतही टाळील. जेवणाचे काय, हा प्रश्न तर आवर्जून विचारावा. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असते, हे बहुतेकांना पहिल्या रविवारी उपाशी राहून कळते! काही मालक खोलीत मासळी शिजवू देत नाहीत. पुण्याला ही अट ऐकून आम्ही गोंयकार हसतो, ती पणजीतही ऐकू यावी हे नवल.

पण हे झाले ज्याचे त्याने पाहावयाचे. समाज म्हणून आपण काय करणार? आमच्या देवस्थानांना अग्रशाळांची परंपरा आहे. दुरून येणाऱ्या कुळाव्याला रात्र काढण्यासाठी छप्पर असावे, म्हणून पूर्वजांनी त्या बांधल्या. फोंडा तालुक्यातील मोठमोठ्या देवळांच्या अग्रशाळा आज नव्या बांधणीच्या झाल्या आहेत, खोल्यांना संगमरवरी फरशा आल्या आहेत. त्याच कुळाव्याची नात शिकण्यासाठी पणजीला येते, तेव्हा तिला छप्पर देणे हे त्याच परंपरेतील काम नव्हे काय? महाजनांच्या आमसभेत सभामंडपाच्या खर्चावर तासन्‌तास वाद होतात. दोन-तीन देवस्थानांनी मिळून ताळगाव-बांबोळीच्या परिसरात मुलींसाठी एक वसतिगृह उभारण्याचा ठराव या वर्षी एखाद्या आमसभेपुढे यावा, असे आम्ही सुचवतो. कायद्याच्या काय अडचणी असतील, त्या सरकारने दूर कराव्यात.

पुण्यात असे घडले आहे. खेड्यांतून येणाऱ्या गरीब मुलांसाठी अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. तिच्या वसतिगृहांत राहून शिकलेली मुले आज महाराष्ट्रभर आहेत. तेथे कोणी सरकारच्या अनुदानाची वाट पाहत थांबले नाही.

सरकार आणि विद्यापीठ यांच्याकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. नव्या वसतिगृहाच्या इमारतीला वर्षे लागतील, ती लागोत. पण विश्वासाच्या घरमालकांची नोंदवही विद्यापीठाला याच महिन्यात उघडता येईल; तीत खोलीचे भाडे आणि जवळचा बसथांबा नोंदवलेला असावा. पठारावरून पणजीच्या बसस्थानकाला जाणारी एक बस रात्री आठनंतर, आणि तिला जोडून म्हापसा, फोंडा व मडगावला जाणारी गाडी, एवढे कदंब महामंडळाला एका बैठकीत ठरवता येईल. ती बस पहिले काही महिने निम्मी रिकामी धावेल. ती बंद करण्याचा प्रस्ताव त्याच कारणासाठी पुढे येईल, आणि तो फेटाळण्याची तयारी संबंधित मंत्रिमहोदयांनी आतापासूनच ठेवावी. बस नक्की येते असा भरवसा बसण्यास एक सत्र तरी जावे लागते. प्रवेशाची यादी ज्या फलकावर लागते, त्याच फलकावर, तिच्याच शेजारी, या बसचे वेळापत्रक यंदा लागलेले आम्हाला पाहावयाचे आहे.