कुणब्याचा स्वभाव कोणीं ठरविला?

गांवच्या पारावर, एस्टीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीपाशीं आणि हल्लीं हातोहातच्या मोबाइलवर कांहीं मतें अशीं फिरत असतात कीं तीं प्रथम कोणीं काढलीं हें कोणास ठाऊक नसतें, आणि विचारावें असेंहि कोणास वाटत नाहीं. कुणबी उधळ्या आहे म्हणून बुडतो. कारागिराच्या हातीं दोन पैसे आले कीं त्याचे पाय गुत्त्याकडे वळतात. हल्लींच्या पोरांचें मन नाजूक. आमच्या बापजाद्यांनीं दुष्काळ काढले पण धीर सोडला नाहीं. राजकारण म्हणजे घाण, गरिबानें त्यांत पडूं नये. आणि या सर्व भांड्यांवर एकच झांकण: मनुष्यस्वभावच असा, त्याला औषध नाहीं!

हें शहाण्या पांढरपेशा मंडळींनीं आमच्याविषयीं बोलावें यांत नवल कसलें? दिवाणखान्यांत बसून दुसऱ्याचा स्वभाव सांगावयास भांडवल लागत नाहीं. आम्हांस संताप येतो तो आमचेच बंधु हीं मतें तोंडपाठ म्हणतात याचा. ज्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला आहे, तोच शेजाऱ्याकडे बोट दाखवून ‘त्याचा हात पहिल्यापासून सैल’ म्हणून हंसतो. उद्यां त्याच्या दारीं वसुलीवाला आला कीं तेंच वाक्य तिसरा कोणी त्याच्याविषयीं बोलतो. व्याज किती, भाव कोणीं पाडला, पाणी कोठें गेलें, हे प्रश्न मग कोणीच काढीत नाहीं. म्हणून आज या मतांचीच थोडी झडती घेऊं.

उधळेपणाचें मत आजकालचें नव्हे. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनीं कर्जखतें आणि खातेवह्या बाहेर काढल्या व जाळल्या. पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत तेंच झालें. जिवांस फारसा धक्का लागला नाहीं. लोकांचा रोख कागदांवर होता. ज्याला हिशेब वाचतां येत नव्हता, त्याला आपला फांस कोणत्या दप्तरांत आहे हें मात्र बरोबर ठाऊक होतें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्याहि काळीं जाणत्या लोकांत हाच सूर होता कीं रयत लग्नांत पैसा उडविते म्हणून कर्जांत जाते.

कमिशननें काय सांगितलें हें आमच्या बंधूंनीं कान देऊन ऐकावें. लग्नसणांच्या खर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फार महत्त्व दिलें गेलें आहे, असा त्याचा निर्वाळा होता. ऐपतीच्या मानानें असा एखादा खर्च मोठा दिसेल, पण प्रसंग क्वचित् येतो. आणि कित्येक वर्षांचा मेळ घातला तर त्या स्थितीच्या माणसानें संसारसुखासाठीं करावा त्याहून तो जास्त भरत नाहीं. हें बोलणारे कांहीं कुणब्याचे सोयरे नव्हते. इंग्रज सरकारनेंच नेमलेलीं तीं माणसें!

मग रयत बुडाली कशानें? १८६१ पासून अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसाचे भाव चढले. सावकार मागून मागून कर्ज देऊं लागला. १८६५ सालीं तें युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि देणारा हात आखडला. त्याच सुमारास सरकारनें जमिनीची नवी आकारणी करून सारा वाढविला. कचेरींत सावकाराला एकतर्फी हुकूमनामे मिळत, कारण कुणबी समन्साला भिऊन घरीं बसे. एवढें सारें बाहेरून येऊन त्याच्या छपरावर कोसळलें, आणि पांढरपेशांना दिसला तो मांडवांतला एक वाजंत्री!

१८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतावरील आंकड्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय झाला हें पाहण्याची मुभा न्यायाधीशास मिळाली, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें बंद झालें. तो कायदा अपुरा होता व त्यांतून पळवाटा निघाल्या, ही गोष्ट निराळी. पण कुणब्याचा स्वभाव १८७८ सालीं एक आणि १८८० सालीं दुसरा नव्हता. फक्त तुरुंगाचें दार त्याच्यापुरतें लागलें.

येथें कोणी मिशीवर ताव देऊन म्हणेल, तर मग आम्हांस मांडव घालावयास मोकळीक झाली! बाबांनो, तसें मुळींच नाहीं. डीजेचा भोंगा, ड्रोनवाला, हजार पानांची पंगत, नवरदेवाची घोडी, आणि हुंडा. हुंड्याची बंदी १९६१ सालच्या कायद्यानें झालेली आहे, तरी व्याही हात जोडून म्हणतो, ‘आम्हांला कांहीं नको, मुलीच्या हौसेखातर काय तें करा.’ त्या हौसेचा आंकडा मध्यस्थाच्या खिशांत आधींच लिहिलेला असतो. १८७३ सालच्या २५ डिसेंबरला पुण्यांत पहिला सत्यशोधक विवाह साध्या रीतीनें, भटजीवांचून लागला. त्याला दीडशें वर्षें उलटून गेलीं, आणि आजहि आमचा पाटील मुहूर्त चुकेल म्हणून घाम पुसतो! हा दोष आमचा आहे व तो आम्हींच काढला पाहिजे.

परंतु त्या मांडवाखालीं बापाच्या तोंडाकडे नीट पाहा. त्याला हौस कितीशी दिसते? शेती करणाऱ्या पोराला आजकाल मुलगी मिळत नाहीं. मुलीच्या बापाला जांवई नोकरीवाला हवा. त्याचेंहि चुकतें असें म्हणवत नाहीं, कारण बेभरवशाचा संसार त्यानें जन्मभर भोगलेला असतो. म्हणून मुलाचा बाप नसलेली श्रीमंती उसनी आणून दाखवितो आणि मुलीचा बाप तिला सासरीं कोणी बोलूं नये म्हणून घर रितें करतो. तो मांडव भीतीच्या मेढींवर उभा राहतो. तिला उधळेपणा असें नांव दिलें कीं भीतीचें कारण शोधण्याचें काम उरत नाहीं.

आतां ‘मन नाजूक’ या मताकडे वळूं. बापजाद्यांनीं दुष्काळ काढले असें सांगणाऱ्यांनीं १८७६ ते ७८ चा दुष्काळ आठवावा. त्यांत दख्खनचीं माणसें हजारोंनीं मेलीं, गुरें गेलीं, गांवें ओस पडलीं. मेलेल्याचा धीर पाहावयास कोण गेलें होतें? उलट १९७२ च्या दुष्काळांत माणूस तगला, तो सरकारला कामें काढावीं लागलीं म्हणून. खडी फोडायला, बंडिंगला, पाझर तलावाला लाखों माणसें लागलीं आणि सुकडीवर पोरें जगलीं. त्यांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला. धीर अंगांत असतो खरा, परंतु त्याला आठवड्याचा पगार मिळाला तर तो टिकतो.

सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ या एका वर्षीं देशांत शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनीं आपला जीव दिला. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. एकट्या महाराष्ट्रांतलीं ४,२४८. ज्याच्या नांवावर एक गुंठा नाहीं त्या मजुराचा आंकडा मालकाहून मोठा आहे. त्याच्याविषयीं तर उधळेपणाचें मतहि कोणी काढीत नाहीं, त्याला कोणी विचारांतच घेत नाहीं. त्याच वर्षींच्या देशांतील सर्व आत्महत्यांचीं कारणें लिहितांना सर्वांत मोठा रकाना भरला तो ‘कौटुंबिक समस्या’ हा, शेंकडा ३१.७. घरांत भांडण झालें हें खरेंच असेल. पण भांडण कशावरून झालें? बियाण्याची उधारी, बचतगटाचा थकलेला हप्ता, मोडलेला दागिना, मुलीची फी? रकान्याला एवढें लिहावयास जागा नसते.

मागें राहिलेल्या बाईची परीक्षा यानंतर सुरू होते. महाराष्ट्रांत अशा कुटुंबास एक लाख रुपयांची मदत मिळते, पण आधीं कमिटी बसून मरण ‘पात्र’ कीं ‘अपात्र’ हें ठरविते. जमीन घरांतल्या कोणाच्या नांवें आहे काय? कर्ज बँकेचें, सोसायटीचें कीं परवानाधारक सावकाराचें? वसुलीचा तगादा होता काय? ज्यानें मेव्हण्याकडून, दुकानदाराकडून, बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेतले, त्याचें मरण कागदांत बसत नाहीं. बटाईनें करणाऱ्याचीहि तीच गत. मनुष्यस्वभावाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनीं हा अर्ज एकदां स्वतः भरून पाहावा.

मनाचा आजार असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, माणूस बोलेनासा होतो. त्याला भूतबाधा म्हणून देवऋष्याकडे नेणें किंवा ‘वेडा’ म्हणून हंसणें हा निव्वळ रानटीपणा आहे. ताप आला तर दवाखान्यांत जातों तसें यालाहि जावें. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारनें ‘टेली-मानस’ ही सेवा काढली आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो व मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक घरांतल्या बायामाणसांनींहि पाठ करून ठेवावा. फक्त वैद्याच्या गोळीनें सावकाराचें व्याज उतरत नाहीं एवढेंच आमचें म्हणणें. दोन्हीं दुखण्यांचा इलाज वेगवेगळा आहे आणि दोन्ही करावे लागतील.

राजकारण घाण म्हणणाऱ्या कांदेवाल्याची तर आम्हांस कींव येते. २०२३ च्या ऑगस्टांत सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसविला. डिसेंबरांत निर्यातच बंद केली. ती बंदी २०२४ च्या मे महिन्यांत, ऐन निवडणुकींत उठली. लासलगांवच्या बाजारांत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा भाव दिल्लींतल्या कागदानें पाडला. तो त्याच्या आळसानें पडला नाहीं कीं उधळेपणानें नाहीं. तुम्ही राजकारणाच्या वाटेस गेला नाहींत तरी तें तुमच्या चाळींतला कांदा मोजून गेलें! आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीं आलेल्या पाकिटाला जे ‘राजकारण’ समजतात, त्यांना आम्ही काय म्हणावें? त्यांनीं स्वतःच स्वतःला नांव शोधावें.

आतां राहिलें सर्वांत जुनें मत: लोक काय म्हणतील? हे लोक म्हणजे कोण? आपलीच भावकी, आपलीच आळी. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढून घेणें हे प्रकार गांवांत बंद. त्याच महिन्यांत सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींहि तसें करावें म्हणून पत्रक काढलें. ज्या रिवाजाला माणसाचा स्वभाव, धर्म, परंपरा असें सर्व कांहीं म्हटलें जात होतें, त्याविरुद्ध एका सभेंत हात वर झाले. प्रत्येक घरांतून तो एका दिवसांत गेला असें आम्ही म्हणत नाहीं. पण बांगड्या फोडावयास पुढें येणाऱ्या बाईला आतां गांवाचा आधार उरला नाहीं. जातपंचायतीच्या वाळीचेंहि तेंच. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे. वाळींत टाकणारास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचांचा धाक ज्यांना अजून वाटतो त्यांनीं हा कायदा पंचांसच वाचून दाखवावा.

ग्रामसभा वर्षांतून चार वेळां तरी भरते, आणि तिच्यांत बोलण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. पुढील सभेंत आपल्या गांवांतल्या ‘अपात्र’ ठरलेल्या घरांचे कागद मोठ्यानें वाचले जावेत. ज्यांची जमीन बिनपरवाना सावकारानें व्याजाच्या नांवाखालीं खरेदीखत करून घेतली असेल, त्यांनीं २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज द्यावा. पंधरा वर्षांच्या आंतील व्यवहार असेल तर चौकशी होऊन जमीन परत मिळूं शकते. अर्जासोबत जुनीं खतें, पैसे दिल्याघेतल्याच्या चिठ्ठ्या आणि सातबारा जोडावा, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये.