परतीच्या विमानाला उशीर झाला, तर किंमत कोणी मोजायची?

मे महिना आला की फेसबुकवर विमानतळाचे फोटो सुरू होतात. पासपोर्टमधून डोकावणारा बोर्डिंग पास, खिडकीतून दिसणारा विमानाचा पंख आणि खाली 'निघालो बरं का!' हे चित्र आता फक्त पुण्या-मुंबईचं राहिलेलं नाही. साताऱ्याचे शिक्षक, जळगावचे दुकानदार, लातूरचे निवृत्त बँकवाले, सगळे थायलंड, सिंगापूर, दुबई आणि जमलं तर युरोपही करून येतात. चांगलंच आहे. आयुष्यभर काटकसर केलेल्या आईवडिलांना मुलं विमानाने परदेश दाखवतायत, याहून आनंदाचं काय?

पण परतीच्या प्रवासाचे फोटो कधी पाहिलेत? कोणी टाकतच नाही. विमानतळाच्या लोखंडी खुर्च्यांवर आडवी झालेली पोरं, सुजलेले पाय आणि संपलेली पाण्याची बाटली यांचा फोटो कोण टाकणार?

माझं म्हणणं थेट सांगतो. प्रवासी सगळ्यात जास्त अडलेला असतो तो परतताना. जाताना उशीर झाला तर माणूस भांडतो, कारण पुढचं हॉटेल, पुढची सहल बुडत असते. येताना खिशातलं परकीय चलन संपलेलं असतं, रजा संपलेली असते, आजीच्या गोळ्या चुकून मोठ्या बॅगेत गेलेल्या असतात आणि बॅग कधीच आत गेलेली असते. अशा माणसाला फक्त घरी पोचायचं असतं. मग दहा तास उशीर झाला तरी तो म्हणतो, "जाऊ दे, पोचलो ना सुखरूप." विमान कंपन्यांचं काम या 'जाऊ दे' वर चालतं. आणि आपले सरकारी नियमही या वेळेची किंमत शून्य धरतात.

गेल्या वर्षी आमच्याच घरात एका महिन्यात दोन सहली झाल्या, त्यावरून हे नीट लक्षात आलं.

माझी ताई, दाजी, त्यांची दोन मुलं आणि ताईच्या ७२ वर्षांच्या सासूबाई बँकॉकहून मुंबईला येत होते. विमान आपल्याच देशातल्या एका कंपनीचं. सुटायची वेळ रात्री दीडची. ती आधी साडेतीन झाली, मग साडेपाच, मग साडेसात. शेवटी विमान उडालं सकाळी अकराला. साडेनऊ तासांत माणशी एक सँडविच आणि ज्यूसचा छोटा डबा मिळाला. सासूबाईंना मधुमेह. दाजी दर वेळी काउंटरवर जाऊन हॉटेलचं विचारत होते आणि दर वेळी उत्तर तेच, "सर, दोन तासांत निघतंय विमान, हॉटेल कशाला?"

इकडे साताऱ्याहून त्यांना न्यायला गाडी निघाली होती. ड्रायव्हर पहाटे चारला मुंबई विमानतळावर हजर. मंडळी बाहेर आली दुपारी तीनला. म्हणजे आदल्या सकाळपासून जागा असलेला माणूस पुढे अडीचशे किलोमीटर गाडी चालवणार. दाजी पुढच्या सीटवर बसून त्याला झोप लागू नये म्हणून खंबाटकी घाटापर्यंत गप्पा मारत होते. वेटिंगचे पैसे वेगळे, मुलांची बुडालेली परीक्षा वेगळी, ताईची एक बिनपगारी रजा वेगळी. नशीब, सगळे घरी पोचले.

त्याच महिन्यात मी, बायको, दोन मुलं आणि आई फ्रँकफर्टहून आखातातल्या एका विमानतळामार्गे मुंबईला आलो. पहिलंच विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, मुंबईला आठ तास उशिरा पोचलो. मधल्या विमानतळावर कंपनीने हॉटेलची खोली दिली, जेवण दिलं. घरी आल्यावर आम्ही ईमेल लिहिला, दोनदा आठवण केली आणि तीन महिन्यांनी माणशी ६०० युरो खात्यात आले. पाच जणांचे तीन हजार युरो!

आता कोणी म्हणेल, परदेशी कंपनी चांगली, आपली वाईट. तसं नाहीये. हीच आखाती कंपनी बँकॉकहून आणत असती, तर तिच्यावर ही ६०० युरोंची सक्ती नसती. आणि फ्रँकफर्टहून निघालेलं विमान आपल्या देशी कंपनीचं असतं, तरी तिला ते द्यावे लागले असते. आमचा प्रवास युरोपच्या जमिनीवरून सुरू झाला होता, एवढाच काय तो फरक.

युरोपियन युनियनचा २६१/२००४ हा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून निघणारा प्रवासी, कंपनी कुठल्याही देशाची असो, या नियमाखाली येतो. शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात, तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. भारत साडेतीन हजार किलोमीटरच्या पलीकडे, म्हणून आपल्याला ६०० चा टप्पा लागतो. त्यात उशीर चार तासांपेक्षा कमी असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. मूळ नियमात ही भरपाई विमान रद्द झाल्यावर होती. २००९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ठरवलं की तीन तास वाया गेलेल्या प्रवाशाचं नुकसानही तसंच आहे. वादळ, हवाई क्षेत्र बंद होणं, सुरक्षेचा धोका अशा असाधारण परिस्थितीत भरपाई नाही, पण जेवण आणि हॉटेल तेव्हाही द्यावं लागतं. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र असाधारण धरत नाहीत. ब्रिटनने बाहेर पडल्यावरही हा नियम ठेवला, तिथे लांबच्या प्रवासाला ५२० पौंड आहेत. कॅनडाने २०१९ मध्ये स्वतःचे नियम केले, मोठ्या कंपन्यांना उशिराप्रमाणे ४०० ते १००० कॅनेडियन डॉलर.

आपल्याकडे काय आहे? डीजीसीएने २०१० मध्ये नियम काढले, पुढे त्यात सुधारणाही झाल्या. तिकीट असूनही जागा नाकारली तर वीस हजार रुपयांपर्यंत भरपाई आहे. विमान आयत्या वेळी रद्द झालं तर पाच ते दहा हजार, तेही मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून त्याहून कमी होत असेल तर तेवढंच. आणि उशीर झाला तर? खाणं-पिणं. फार उशीर झाला तर हॉटेल. रोख भरपाई नाही. नऊ तास असोत की एकोणीस, तुमच्या वेळेचे पैसे शून्य.

त्यातही एक मेख आहे. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर हॉटेल द्यायचं, असा नियम आहे. पण या सोयी कंपनीला किती उशीर 'अपेक्षित' आहे यावर ठरतात. मग कंपनी एकदम नऊ तास जाहीरच करत नाही. दोन-दोन तासांचे हप्ते पाडते. प्रत्येक हप्ता सहाच्या आत! दाजींना रात्रभर मिळालेलं उत्तर आठवा.

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी मॉन्ट्रियल करार आहे, भारतात तो २००९ पासून लागू आहे. त्यात उशिरामुळे झालेलं नुकसान मागता येतं. पण ते तुम्ही पावत्यांनिशी सिद्ध करायचं आणि कंपनीने दाद दिली नाही तर खटला भरायचा. सासूबाईंच्या रात्रभराच्या हालांची पावती कुठून आणायची?

गंमत बघा, प्रवाशाच्या वेळेला किंमत आहे हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. २०२१ चा निकाल आहे, रेल्वेच्या बाबतीतला. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोचली, प्रवाशाच्या कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. उशिराचं पटण्याजोगं कारण रेल्वेला देता आलं नाही, म्हणून टॅक्सीचा खर्च, बुकिंगचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई द्यायला लागली. मग विमान कंपन्या वेगळ्या का?

यावर नेहमीचं उत्तर येतं, "तिकिटं महाग होतील." युरोपात वीस वर्षं हा नियम आहे आणि स्वस्त तिकिटांच्या कंपन्या तिथेच फोफावल्या. दुसरं म्हणजे, उशिराची किंमत आजही कोणीतरी मोजतंच आहे. गाडीचं वेटिंग, बुडालेली रजा, चुकलेली रेल्वे, जागरणाने मोडलेला ड्रायव्हर. फक्त ती कंपनीच्या हिशेबात येत नाही, तुमच्या-माझ्या हिशेबात येते. जिच्या हातात सुधारणा करणं आहे तिच्या खिशाला चाट बसली, तरच सुधारणा होईल.

"कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई क्षेत्र बंद केलं आणि युरोप-अमेरिकेची विमानं लांबच्या वाटेने जाऊ लागली. २३ जून २०२५ ला कतारसह आखातातली हवाई क्षेत्रं काही तास बंद झाली, हजारो लोक मधेच अडकले. यात कंपनीकडून भरपाई मागणं चुकीचंच. पैशाच्या धाकाने वैमानिकाने धुक्यात विमान उतरवावं, असंही कोणाला नकोय. म्हणून अपवाद हवेतच.

पण डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तरी देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं नियोजन कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. परदेशातून मुंबई-दिल्लीत उतरून नागपूर, गोव्याचं विमान धरायचं होतं, असे लोकही त्यात होतेच. याला कोणी वादळ म्हणणार का?

तर मागण्या चारच आहेत.

एक, आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत दोन्ही प्रवासांत, पोचायला ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर ठरलेली रोख भरपाई. दोन, उशीर मूळ वेळेपासून मोजायचा, हप्त्यांनी नाही. तीन, ज्येष्ठ, आजारी आणि लहान मुलांसोबतच्या प्रवाशांना रात्रीच्या उशिरात न मागता झोपायची सोय. चार, प्रवाशाचे हक्क मराठी-हिंदीत छापून काउंटरवर लावायचे आणि उशिराचं कारण लेखी द्यायचं.

नियम बदलेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करूया:

१. पूर्ण प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. मुंबईपर्यंत एक आणि पुढे नागपूरचं वेगळं काढलंत आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन सगळ्यांची तिकिटं नव्याने काढावी लागतात.

२. बोर्डिंग पास फेकू नका. उशीर दाखवणाऱ्या बोर्डाचे फोटो काढा. कारण ईमेलवर मागा.

३. युरोपहून ग्रुप टूरने आलात तरी हक्क प्रवाशाचा असतो, टूर कंपनीचा नाही. दावा स्वतःच्या नावाने करा. मुदत देशानुसार वेगळी आहे, जर्मनीत तीन वर्षं. म्हणजे मागच्या वर्षीचा उशीरही अजून मागता येईल.

४. बॅग आली नाही किंवा फुटली, तर विमानतळ सोडायच्या आधी तक्रार नोंदवा. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत.

५. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पुढे ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

६. औषधं हातातल्या पिशवीत. आणि विमान उशिरा असेल तर ड्रायव्हरला आधी फोन करून झोपायला सांगा. मुंबईची मेट्रो आता विमानतळापर्यंत आली आहे, पण मध्यरात्री ती बंद असते. त्यामुळे रात्री उतरणाऱ्या बाहेरगावच्या माणसाचा सगळा भार त्या एका ड्रायव्हरवर असतो. तो पेंगत असेल तर दोन तास थांबा. घर कुठे जात नाही.

पोस्ट लांबली, पण विषयच तसा आहे. तुमच्या खासदारांना दोन ओळींचा ईमेल पाठवा, त्यात या चार मागण्या चिकटवा. आणि कॉमेंटमध्ये तुमचा अनुभव लिहा: कुठून येत होतात, किती तास उशीर, काय कारण सांगितलं, काय मिळालं. भरपाई मिळाली असेल तर आवर्जून लिहा, म्हणजे बाकीच्यांना मागायचं धाडस होईल.