बरे वाटणे आणि बरे होणे
क्षयरोगाची तपासणी मोफत असूनही माणसे ती करून घ्यायला का येत नाहीत, या प्रश्नाचा शोध घेताना १९५०च्या दशकात अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी ‘आरोग्य-श्रद्धा प्रतिमान’ मांडले; आजार आपल्यालाही होऊ शकतो, तो गंभीर आहे आणि उपचाराचा लाभ त्याच्या त्रासाहून मोठा आहे, असे मनाला पटल्यावाचून माणूस दवाखान्याची पायरी सहसा चढत नाही, हे त्याचे सार होय. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाजवळच्या लालबाग-परळमध्ये या विचाराचा अर्थ अधिक खोलवर उमगतो. साध्या क्षयावरही सहसा सहा महिने औषधे घ्यावी लागतात, पण खोकला-ताप काही आठवड्यांतच ओसरतो, आणि बरे वाटण्यालाच बरे होणे समजल्यामुळे ‘उपचारनिष्ठा’, म्हणजे ठरल्याप्रमाणे औषध घेत राहण्याची चिकाटी, तिथेच ढळते. त्यातच ‘लांच्छन’, म्हणजे आजारामुळे माणसावर बसणारा सामाजिक शिक्का, आड येतो. चाळीच्या एका खोलीत गोळ्यांचे पाकीट लपत नाही, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर ते लपवण्याची धडपड अधिकच केविलवाणी होते. अशा रुग्णाला बेफिकीर ठरवणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे, कारण त्याला अडवते ती बेफिकिरी नव्हे, तर या शिक्क्याची भीती. पण चाळीच्या ज्या सामाईक गॅलरीतल्या नजरांची त्याला धास्ती वाटते, तिथलीच एखादी शेजारीण त्याला रोज गोळीची आठवण करून देऊ शकते, आणि मानसशास्त्र ज्याला ‘सामाजिक आधार’ म्हणते तो हाच.